सावडीचा फारवर्ड

आमच्या गल्लीतल्या सटवाजीकाकांना जितकी गावं, तितकी नावं. पूर्णेला रेल्वेच्या टीममध्ये होते तेव्हा तिथला गोरा फोरमन त्यांना ‘सॅट... वॉ... जी’ असं तीन घास करून खायचा. नांदेडला गिरणीकडून खेळले, तिथले सरदारजी ‘ओय सत्ते’ म्हणून मोकळे व्हायचे. सिकंदराबादच्या लोकांनी पुढचा सगळा सटवा काढून टाकला आणि मागचा ‘जी’ तेवढा ठेवला. ‘क्या जी, पास देते की नक्को?’ सोलापुरात तर तेही नाही. निजामाच्या मुलखातला माणूस, म्हणून तिथं नुसतं ‘ए मोगलाई, इकडं दे’. काका कुठल्याही हाकेला ओ द्यायचे. बॉल पायात असला की माणसानं नावासाठी थांबू नये, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्या गावांनी हाका मारल्या, एका गावानं मारली नाही. ते गाव हिंगोली, म्हणजे काकांचं स्वतःचं.

काका जन्मले जीनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या वस्तीत. बाप कापसाच्या गाठी उचलायचा. आईला लेकरं लाभत नव्हती, तिनं सटवाईला नवस केला, हे जगले, म्हणून सटवाजी. जीनच्या आवारात सरकीचे ढीग असायचे, घराएवढे. वस्तीतली पोरं चिंध्यांचा चेंडू सुतळीनं आवळून त्या ढिगांवर खेळायची. सरकीवर पाय ठेवला की पायाखालची जमीनच निघून जाते. तिथं जो पळायला शिकला त्याला सपाट मैदान म्हणजे अंथरूण. काकांची ती सुप्रसिद्ध हूल, ज्यात ते पडल्यासारखे होतात आणि पडतो समोरचा, ती कुणी साहेबानं शिकवलेली नाही. सरकीनं शिकवली.

हिंगोलीची टीम मात्र वेगळ्या लोकांची होती. जुन्या छावणीच्या मैदानावर संध्याकाळी वकिलांची पोरं, तहसिलातले कारकून आणि एखाद-दुसरा दुकानदार पिवळे सदरे घालून खेळायचे. टीमचे कप्तान, सेक्रेटरी, खजिनदार आणि रात्री बॉल घरी नेणारे असे सगळे मिळून एकच, मोहनसिंग. यांचे आजोबा पलटणीबरोबर हिंगोलीला आले, पलटण गेली, आजोबा राहिले. मोहनसिंगांचं सायकलींचं आणि गॅसबत्त्यांचं दुकान आहे. त्यांचं कुठलंही वाक्य ‘ऐसा है’ या दोन शब्दांशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. तीसएकतीस साली काका, तेव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं, त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि मला घ्या म्हणाले. मोहनसिंगांनी त्यांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, अंगाला चिकटलेल्या कापसाकडं पाहिलं, आणि फार मायेनं सांगितलं, ऐसा है बेटा, टीम भरेली है, पुढच्या साली बघू. पुढच्या साली पण ऐसाच होता. त्याच्या पुढच्या साली काकांनी पूर्णेची गाडी पकडली.

तेव्हापासून अकरा-बारा वर्षं काका खेळत हिंडले. नोकरी नावाला, खेळ कामाला. रेल्वेत ते खलाशी होते, पण गाडीचा डबा त्यांनी फक्त आत बसून पाहिला. गिरणीत साचेवाले होते, साचा म्हणजे काय ते आजही नीट सांगता येत नाही. जालना, औरंगाबाद, सिकंदराबाद, जिथली टीम बोलवील तिथं जायचं, दोन-तीन वर्षं गोल करायचे, वरचा साहेब बदलला की पुढच्या गावाला. गोजरकाकू प्रत्येक ठिकाणी बरोबर. मूळच्या डोंगरकडा गावच्या. जाताना तवा घ्यायच्या आणि येताना त्या गावचं भांडण घेऊन यायच्या. आज आमच्या गल्लीत नळावर काकूंना राग आला तर सुरुवात मराठीत होते, मध्यावर ‘जबान संभालके बात करो जी’ येतं आणि शेवटाला तेलुगू. तेलुगूपर्यंत गेलं की बाया घागरी उचलून घरी जातात.

बूट काकांनी एकदाच घेतले. सोलापूरच्या टीमनं दिले होते, कोरे करकरीत. मोगलाईच्या हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीवाल्यानं पेटी उघडायला लावली आणि विचारलं, नवे की वापरलेले? नव्यावर महसूल लागतो हे ठाऊक असल्यामुळं काका म्हणाले, वापरलेले, रोज ह्याच्यावरच तर खेळतो. ‘तो पहनके चलके बताओ’ म्हणाला तो. काकांनी घातले आणि चालून दाखवलं. नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडायला निघाली तर कशी चालेल, तसं. करोडगिरीवाल्यानं बूट उचलून मागच्या फळीवर ठेवले. काका अनवाणी घरी आले आणि पुढं जन्मभर अनवाणीच खेळले.

चव्वेचाळीस साली उजवा गुडघा भर पावसाळ्यात फुगायला लागला. सिकंदराबादच्या साहेबानं हात मिळवला, काकांनी पेटी बांधली आणि हिंगोलीला आले. ज्या जीनमध्ये बाप हमाल होता तिथं काका मुकादम झाले. घरी ज्वारीची भाकरी, संध्याकाळी ओट्यावर तंबाखू, येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठल्या तरी गावची गोष्ट. सुखाचं चाललं होतं. दुःख असं नाही, पण दसरा जवळ आला की काका छावणीच्या वाटेनं जायचे नाहीत, बाजाराला लांबच्या वाटेनं जायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंगोलीची टीम बाहेरगावच्या एका टीमशी खेळते, सगळा तालुका लोटतो. एवढ्या गावांचे सदरे अंगावर चढले, पण त्या मैदानावर तो पिवळा सदरा घालून एकदा तरी खेळावं हे काकांच्या मनातून गेलं नव्हतं. आणि गुडघा सांगत होता, की काय करायचं ते एक-दोन सालांत करून घे.

आता नारळाचं सांगितलं पाहिजे. आपल्याकडं जत्रेला पैलवान बोलवायचा तर त्याच्या घरी नारळ देतात. फुटबॉलवाल्यांनी तीच चाल उचलली. नारळ घेतला की खेळ होईपर्यंत माणूस त्या गावचा. घेतलेला नारळ परत केला तर पुन्हा कोणी आपल्या ओसरीवर बसू देत नाही. काकांनी गोरेगावचा नारळ घेतला होता, कळमनुरीचा घेतला होता, आणि आजवर एकही परत केलेला नव्हता.

पंचेचाळीस सालच्या दसऱ्याला हिंगोलीशी खेळायची पाळी डोंगरकड्यानं मागून घेतली. घट बसायच्या आदल्या दिवशी काकूंचे थोरले भाऊ तातेराव गाडी जुंपून हिंगोलीला आले. तातेरावांचं बोलणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक, थांबतच नाही. पाऊस पडून राहिला, केळी वाकून राहिली, बैल लंगडून राहिला, आणि म्या येऊन राहिलो. काका जीनमध्ये होते. तातेरावांनी देवापुढं गाठोडं सोडलं. आत नारळ, खण, हळदकुंकू. नारळ गावच्या पंचांनी दिला होता, जावयाला खेळायचं आवतन म्हणून. पण नणंदेच्या घरी माणूस नुसता नारळ घेऊन जाणार, हे तातेरावांच्या बायकोला बरं दिसेना. तिनं त्याच गाठोड्यात खण घातला. काकूंनी खण पाहिला, नारळ पाहिला, नवरात्र तोंडावर. वहिनीनं ओटी धाडली म्हणून त्यांनी पदर पसरला आणि भावानं नारळ पदरात टाकला. तातेराव समजले, बहिणीनं नवऱ्याच्या वतीनं शब्द घेतला. काकू समजल्या, ओटी भरली. दोघांचेही डोळे पाणावले. मग पावसाच्या आणि केळीच्या गोष्टी निघाल्या. काकूंनी तो नारळ तिथंच फोडून चटणी वाटली, आणि तातेराव ती दोनदा मागून घेऊन जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीत मोहनसिंग आले. स्वतः, पायी, हातात नारळ. बरोबर त्यांचा गोलकीपर फारुक, जो वर्षभर त्यांच्या कानाशी लागला होता की सटवाभई को लेव. मोहनसिंग ओट्यावर बसले, पाणी प्यायले, घसा साफ केला. त्या दिवशी मात्र त्यांना ‘ऐसा है’ सापडेना. शेवटी सरळ म्हणाले, “सटवाजीभाऊ, आमचं चुकलं. गावाकडून खेळा.”

काकांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. तो त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला, खेळाच्या दिवशी मैदानावर फोडायचा म्हणून, आणि रोज सकाळी जीनला जाताना त्याच्याकडं एकदा बघून जायला लागले. बाजाराला छावणीच्या वाटेनं जायला लागले. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून गल्लीत पळायला लागले, तर म्हातारे विचारायचे, काहून रं सटवा, कुत्रं लागलं का मागं.

आठवड्यानं तातेराव पुन्हा आले. गाडीतून उतरायच्या आतच त्यांनी दाजींना विचारलं, की पोरं वाट पाहून राहिली, सरावाला कवा येता. काका हसले. मग हसायचं थांबले.

“कशाचा सराव?”

“डोंगरकड्याचा. नारळ दिला न्हाई का म्या, गोजरच्या पदरात? देवापुढं.”

काकू चुलीपुढून उठून आल्या. “दादा, ती ओटी व्हती. वहिनीचा खण व्हता त्याच्यात.”

“खण तिनं घातला. नारळ पंचानं धाडला.”

“आन मंग तोंडानं काहून न्हाई सांगितलं?”

“सांगून राहिलो व्हतो की बाई. तू केळीचं विचारून राहिली.”

नारळ परत द्यावा म्हटलं तर त्याची चटणी होऊन गेलेली, आणि निम्मी तातेरावांच्याच पोटात. तातेराव चेष्टेचा माणूस, पण आता त्यांच्या तोंडाचं चाक थांबलं. ते एवढंच म्हणाले, की गावात सांगून बसलो, जावई येतो म्हणून. आता कोणत्या तोंडानं जाऊ. काकूंना ठाऊक होतं, की हे फिसकटलं तर माहेरच्या ओसरीवर बसणं अवघड होईल. आणि काकांना ठाऊक होतं, की डोंगरकड्याचा नारळ एक दिवस आधी आला. आधीच्याचा मान आधी. ते उठले, देव्हाऱ्यातला हिंगोलीचा नारळ काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पायात वहाणा सरकवल्या.

काकू दारात आडव्या झाल्या. “कुठं चालले?”

“मोहनसिंगाकडं. देऊन येतो.”

“बसा खाली. सावड करा.”

काका नारळ घेऊन बसले. सावड म्हणजे शेतकऱ्याचा व्यवहार. एकट्याच्या बैलावर पेरणी होत नाही, म्हणून दोघं मिळून करतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. घाई असली तर एकाच दिवशी, दुपारपर्यंत इकडं, दुपारून तिकडं. काकूंच्या बापाची अर्धी उमर सावडीत गेली होती.

“बैल सकाळी पाटलाच्या रानात आन दुपारून आमच्या रानात वढायचा,” काकू म्हणाल्या. “कोनी त्याला इचारलं न्हाई, तू कोनाचा. तुमच्या खेळाला दुपार असती का न्हाई? मधी थांबून लिंबं चोखत बसता, ती दुपारच की.”

त्याच संध्याकाळी मोहनसिंगांच्या दुकानात बैठक बसली. एका बाजूला मोहनसिंग आणि फारुक, दुसऱ्या बाजूला तातेराव, मध्ये मदरशातले, म्हणजे सरकारी शाळेतले, ड्रिल मास्तर, कारण शिट्टी त्यांच्याकडं असते. काकू बाजाराचं निमित्त करून आल्या होत्या आणि पायरीपाशी पदर घेऊन उभ्या होत्या. ऐसा है, मोहनसिंग म्हणाले, आणि मग बराच वेळ कसा है तेच सांगत राहिले. अर्धा खेळाडू कधी कोणी ऐकला का. ड्रिल मास्तरांनी कायद्याचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यांनी ते पुढून मागं आणि मागून पुढं चाळलं आणि जाहीर केलं, की यात बैलाबद्दल काही दिलेलं नाही. मनाई नाही, म्हणजे इजाजत समजायला हरकत नाही.

पहिली पाळी कोणाची यावर पुन्हा अडलं. गुडघा पहिल्या पाळीत ताजा राहणार हे दोन्ही बाजूंना कळत होतं. मोहनसिंगांना वाटे शहराचा मान मोठा, तातेरावांना वाटे नारळाचा. आणि दोघांनाही खरी भीती वेगळीच होती, ती तातेरावांनी तोंडावर आणली. दाजी गावातले. आमच्या पाळीत अंग चोरलं तर?

पायरीवरून काकू बोलल्या, भावाकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “सावडीचा बैल दोन्ही रानात सारखा वढतो, दादा. अंग चोरलं तर बैलाचं न्हाई, बैलवालीचं नाक जातं. नारळ तुमचा आधी आला, सकाळ तुमची.”

मोहनसिंगांनी काकांकडं पाहिलं. काका खाली बघत होते. फारुकनं मोहनसिंगांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, मान लेव उस्ताद, आधा तो आधा, पन आपना तो है.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छावणीच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरकड्याच्या टीमला सदरे नव्हते, त्यांनी कमरेला तांबडे पटके बांधले होते. काकाही तसेच, तांबडा पटका, उघडे पाय. हिंगोलीच्या लोकांनी त्यांना त्या बाजूला उभं पाहिलं आणि शिट्टीच्या आधीच सुरुवात केली. फुटाणेवाला ओरडायचा, ‘गरम फुटाणे, गरम फुटाणे, घरजावई बघा घरजावई’. तहसिलातले एक कारकून, जे एरवी चिमणीलाही अहो-जाहो करतात, त्यांनी काकांच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

काकांनी अंग चोरलं नाही. पहिला गोल पाच-सात मिनिटांतच. तीच सरकीवरची हूल, काका पडल्यासारखे झाले, वकिलांची दोन पोरं पडली, आणि बॉल फारुकच्या दोन पायांच्या मधून गेला. दुसरा डोक्यानं. मैदान एकदम गप्प झालं. तातेराव तेवढे एकटे बाजूनं पळत होते आणि म्हणत होते, मारून राहिले, मारून राहिले, अजून मारून राहिले.

मग दुपार झाली, म्हणजे लिंबं आली. काकांनी कमरेचा पटका सोडला, तातेरावांच्या हातात दिला आणि लंगडत मैदानाच्या मधून पलीकडं चालत गेले. फुटाणेवालासुद्धा थांबला. मोहनसिंगांनी आपल्या अंगातला पिवळा सदरा काढला. तो त्यांनी स्वतः काकांच्या डोक्यातून घातला, आणि एका बाहीत हात जाईना म्हणून दोघं जरा वेळ झटापट करत राहिले. हात आत गेला तेव्हा काका खाली वाकले, मैदानाची माती कपाळाला लावली आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. मागून कोणीतरी हाक मारली, “सटवाजी, दोन फेडायचेत रं!” ती सबंध हिंगोलीची हाक होती, आणि नाव पुरतं घेतलेलं होतं.

एक फेडला. डोंगरकड्याचा गोलकीपर सगळा वेळ काकांच्या पायाकडं बघत होता, काकांनी बॉल मागं ठेवला आणि मागून येणाऱ्या पोरानं तो आत घातला. दुसरा फेडायची संधी अगदी शेवटी आली. समोर कोणी नव्हतं. काका पळाले, बॉल पुढं टाकला, हूल देण्यासाठी उजवा पाय रोवला, आणि गुडघा वाकला तो उठला नाही. बॉल गोलच्या बाजूनं शेतात गेला. ड्रिल मास्तरांनी शिट्टी वाजवली.

डोंगरकडा दोन, हिंगोली एक. डोंगरकड्याची माणसं नाचत मैदानात घुसली. तातेराव फेटा घेऊन काकांकडं धावले, दाजी, दोन्ही गोल तुमचे, फेटा तुमचा, चला आमच्यात. काका मातीत बसले होते, पिवळा सदरा मळलेला, गुडघा दोन्ही हातांत धरलेला. त्यांनी तातेरावांना हातानंच थांबवलं.

“जरा थांबा, पाव्हणं. आमी हरलो हाव.”

मग फारुक आणि एक वकिलाचं पोरगं असे दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते हिंगोलीच्या टीममध्ये येऊन बसले. सगळे माना खाली घालून लिंबाच्या साली चावत होते. मोहनसिंगांनी ‘ऐसा है’ म्हणून तोंड उघडलं आणि पुढचं न सुचून मिटलं. काकांनी त्या सगळ्यांवरून नजर फिरवली, अगदी तृप्त माणसाची नजर, आणि फारुकवर आणून थांबवली.

“फारुक, तो पहिला गोल अडवाया पाहिजे व्हता तू.”

फारुकनं मान वर केली. “मारा कौन?”

“मारणारा मारीलच. त्याचं कामच हाय ते. तू पाय काहून फाकवून उभा राहिला?”

“सटवाभई, तुमीच तर...”

“कोणी का असंना,” काका म्हणाले. “आपल्या गावावर गोल होऊन राहिला, आन तू बघत राहिला. उद्या सकाळी जीनमधी ये. सरकीवर पळवतो तुला.”